एकच नाव, फोटो भलत्याच गावाचा (आणि भलत्याच माणसाचा) – तुम्ही कसं ओळखता?

गोधडीवाला_कर्जतकर

मंडळी नमस्कार, आधी झालेली फजिती सांगतो मग प्रश्न विचारतो.

मी कर्जतचा. लगेच "वा, लोकलने येता का" असं कोणी विचारू नका, मी नगरच्या कर्जतचा, म्हणजे आता अहिल्यानगर जिल्हा. आमच्याकडे आषाढ वद्यातल्या कामिका एकादशीला गोदड महाराजांची रथयात्रा असते, गावातली सगळ्यात मोठी. तर पोरांच्या मंडळाने यात्रेसाठी फ्लेक्स करायला टाकला, पुतण्या म्हणाला काका मजकूर तुम्ही द्या फोटोचं मी बघतो. बघतो म्हणजे काय तर त्याने फ्लेक्सवाल्याला सांगितलं की मागे आपल्या गावाचा एखादा भारी फोटो टाक, आणि त्या बाबाने गुगलवर "कर्जत" टाकून जो पहिला झकास फोटो दिसला तो उचलला.

सकाळी चौकात फ्लेक्स लागला. वर महाराजांचा फोटो, खाली मंडळाच्या एकवीस पोरांची तोंडं आणि या सगळ्यांच्या मागे हिरवेगार डोंगर, धुकं, आणि पांढराशुभ्र धबधबा!! उजव्या कोपऱ्यात नीट बघितलं तर लोकलच्या डब्याचा जांभळा पट्टा पण अर्धा कापून राहिलेला. आमच्याकडे जुलै महिन्यात बायका टँकरच्या मागे हंडे घेऊन पळतात हो. आमची आजी रिक्षातून उतरली, चष्मा वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "आरं ह्ये पानी कुठलं, आन मला कुनी सांगितलं कसं न्हाई?" तेव्हापासून पुतण्याला गावात धबधबा म्हणतात.

असो. पण त्यातून डोक्यात एक किडा शिरला. मी गेले चारेक महिने एकसारख्या नावाच्या गावांचे फोटो गोळा करतोय. दोन्ही कर्जत, दोन्ही खेड, मालेगावं, दोन्ही कळंब. आमच्या वाचनालयात दिवाळीत एक भिंत मिळणारे तिथे जोड्या लावायच्या, शेजारी शेजारी, खाली फक्त नाव, लोकांनी ओळखायचं आपलं कुठलं. आमच्या जोडीसाठी मी रेहेकुरीच्या काळविटांचा फोटो काढून ठेवलाय, समोर त्या कर्जतचा भिवपुरीचा धबधबा. एका बाजूला पिवळं गवत आणि शिंगं, दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी.

अडचण अशी आहे की निम्मे फोटो व्हॉट्सॅपवर आलेत आणि आता फोल्डरमध्ये "खेड १, खेड २, खेड नवीन, खेड फायनल" असं झालंय, कुठलं खेड ते मलाच कळेना. तर (१) फोटो कुठल्या गावाचा हे तुम्ही कसं पक्कं करता, आणि (२) अजून चांगल्या जोड्या सुचवा. माणसांच्या पण चालतील, एक कोपरा त्यांना देऊ.

रुळावरचा_गण्या

भाऊ धबधबा वाचून चहा सांडला 😂

माझा अनुभव बेलापूरचा. इंजिनियरिंग झाल्यावर पहिला इंटरव्ह्यू नवी मुंबईत होता, मी मनमाडचा, रेल्वेचं ॲप तेव्हा नवीन नवीन शिकलेलो, "बेलापूर" टाकलं, स्टेशन आलं, तिकीट स्वस्त, मी खूश. तीन तासांच्या आत बेलापूर आलं तेव्हाच शंका यायला पाहिजे होती पण मी टाय बांधण्यात गुंग. उतरलो तर श्रीरामपूर! कारण श्रीरामपूर शहराचं जे स्टेशन आहे त्याचं नाव बेलापूर आहे, दौंड-मनमाड लाईनवर. मूळ बेलापूर गाव प्रवरेच्या काठी आहे आणि स्टेशनला नाव त्याचं पडलं. मला हवं होतं ते सीबीडी बेलापूर, सिडकोच्या बिल्डिंगांचं, हार्बर लाईनवरचं. स्टेशनबाहेर एका काकांना विचारलं की इथे सेक्टर अकरा कुठंय तर ते म्हणाले बाळा इथं वॉर्ड आहेत. इंटरव्ह्यू अर्थातच गेला. तर ही जोडी घ्याच, फोटो मी देतो, श्रीरामपूरच्या फलाटावरची पिवळी पाटी टायसकट काढलेली आहे माझ्याकडे.

आता तुमचा पहिला प्रश्न. रेल्वे दिसत असेल तर काम सोपं. लांब पल्ल्याच्या लाईनवरच्या स्टेशनांच्या पिवळ्या पाटीवर खाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, लोक ती वाचतच नाहीत. आकडा पाचशेच्या वरखाली असेल तर देशावरचं, अगदीच किरकोळ असेल तर कोकणातलं. आणि याहून सोपं म्हणजे रेल्वे नाहीच तिथे स्टेशन कसं दिसेल? तुमच्या कर्जतला रेल्वे नाही. नाशिकच्या मालेगावलाही नाही, मनमाडला उतरावं लागतं. खेडचं पण तेच, पुण्याच्या खेडला म्हणजे राजगुरुनगरला रेल्वेच नाही, त्यामुळे "खेड स्टेशन" म्हणून जो काही फोटो असेल तो रत्नागिरीचा, कोकण रेल्वेवरचा. डोळे झाकून.

रेल्वे नसेल तर गाड्यांच्या नंबर प्लेट झूम करा. एमएच-१६ दिसली की तुम्ही. मालेगावचं तर फार मस्त आहे, नाशिकवाल्या मालेगावला स्वतःचं एमएच-४१ आहे, वाशिमच्या मालेगावला एमएच-३७, बारामतीजवळच्या माळेगावला एमएच-४२. बेलापूरला ४३ की १७ एवढंच बघायचं. एकाच गाडीवर जाऊ नका, पाच-सहा गाड्या बघा, एखादी पाहुण्याची असते.

जगबुडीकाठचा

गण्या बरोबर. मी रत्नागिरीच्या खेडचा, माझी पण भर.

आमचं खेड जगबुडी नदीच्या काठावर, पुण्याचं खेड भीमेच्या काठावर. पावसाळ्यात दोन्ही नद्या मातकट, दोन्हीवर पूल, आणि पुराची बातमी आली की टीव्हीवाल्यांकडूनसुद्धा फोटोची अदलाबदल झालेली मी स्वतः पाहिलीये. ओळखायचं कसं तर घरं बघा. आमच्याकडे उतरत्या छपरांची कौलं, नाहीतर हल्ली स्लॅबवर पण पत्र्याची शेड मारलेली असते पावसाला, आणि चिरा म्हणजे तो लाल जांभा दगड, कुठे ना कुठे कुंपणात तरी दिसतोच. तिकडे काळा दगड आणि सपाट गच्च्या. माती दिसली की खेळ खलास, आमची लाल.

पुण्याच्या खेडचं नाव हुतात्मा राजगुरूंवरून बदललं, त्यांचा जन्म तिथला, १९०८ चा, वाडा नदीकाठीच आहे. पण तालुक्याला अजून सगळे खेडच म्हणतात म्हणून गोंधळ संपत नाही. शिवाय पुणे-सातारा रस्त्यावरचं खेड शिवापूर, तिथे टोलनाक्याच्या रांगेत उभं राहून लोक "खेडला पोचलो" असा स्टेटस टाकतात आणि आमची आई इकडे भाताचं आधण ठेवते. हे खरंच झालेलं आहे, भाऊजींच्या बाबतीत. ते आले रात्री साडेनऊला.

विदर्भाची_मंजू

कळंब दोन्ही बघितलेत मी, माहेर यवतमाळचं नि सासर धाराशिवचं, त्यामुळे माझं लग्न म्हणजे कळंब ते कळंबच समजा. यवतमाळच्या कळंबला चिंतामणीचं देऊळ आहे, पायऱ्या उतरून खाली जावं लागते, खाली कुंड. धाराशिवचं कळंब मांजरा नदीच्या बाजूचं, बाजाराचं गाव. फोटो फक्त बाजाराचा असेल तर तुम्ही काय कोणीच सांगू शकत नाही, कांदे सगळीकडे सारखेच दिसतात. तेव्हा दुकानाच्या पाट्या वाचायच्या, खाली ता. जि. लिहिलेलं असते.

आणि कळंब म्हणजे कदंबाचं झाड. झाड जिथे जिथे तिथे तिथे गाव, एवढं साधं आहे ते. पिंपळगावं मोजून पहा, बसवंत, जोगा, राजा, रेणुकाई, हरेश्वर, थकून जाल. नाव ठेवणाऱ्याला काय माहीत होतं की पुढे कोणी गुगल काढणार आहे. त्याला शेजारच्या चार गावांपासून वेगळं ओळखू आलं म्हणजे पुरे होतं.

मालेगावात एक राहिलं बघा, लातूरकडचं मालेगाव, खंडोबाची जत्रा भरते ते.

लोहेकर

मंजूताई लातूरकडचं नाही, नांदेड जिल्ह्यातलं, लोहा तालुका. माळेगाव यात्रा, मार्गशीर्षात भरते. आणि ते माळेगाव आहे, ळ. इंग्रजीत दोन्ही एकसारखे लिहितात म्हणून घोळ. घोडे, उंट, गाढवं सगळा बाजार असतो. तुमच्या फोल्डरमध्ये मालेगाव नावाच्या फोटोत घोडा दिसला तर तो आमचा समजा 😄 प्लेट एमएच-२६.

विदर्भाची_मंजू

बरोबर आहे दादा, चुकलं माझं. सासरचे लोक लातूरवरून जातात म्हणून डोक्यात तेच.

ग्रंथपाल_काकू

गावांचं सगळ्यांनी छान सांगितलं, मी माणसांच्या कोपऱ्याविषयी लिहिते, कारण बत्तीस वर्षं शाळेच्या वाचनालयात काढली आणि जयंतीच्या दिवशी चुकीच्या फोटोला हार घातलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. कुठली शाळा ते विचारू नका.

सगळ्यात जास्त घोळ शाहू महाराजांचा. साताऱ्याचे छत्रपती शाहू, संभाजी महाराजांचे पुत्र, जन्म १६८२, निधन १७४९. आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू, जन्म २६ जून १८७४, निधन १९२२. दरवर्षी मे महिन्यात साताऱ्याच्या शाहूंच्या जयंतीचे मेसेज फिरतात आणि त्यावर फोटो असतो राजर्षींचा, तोच, धिप्पाड, भरघोस मिशांचा. अरे बाबांनो, फोटोग्राफी जगात आली १८३९ साली! साताऱ्याचे शाहू महाराज त्याच्या नव्वद वर्षं आधी गेले. त्यांचं चित्र असू शकतं, फोटो नाही. पेशव्यांनाही हाच नियम लावा. थोरल्या बाजीरावांचा "दुर्मिळ फोटो" कोणी पाठवला तर उत्तरात फक्त १७४० एवढंच टाइप करायचं, मी तेच करते.

राजाराम महाराजांचं याहून गमतीचं आहे. शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम १७०० साली सिंहगडावर गेले. कोल्हापूरच्या गादीवर पुढे आणखी एक राजाराम झाले, ते युरोपच्या प्रवासाला गेले आणि परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला १८७० साली वारले, वय जेमतेम वीस. तिथेच नदीकाठी दहन झालं आणि आज त्या बागेत त्यांचा छत्रीखालचा पुतळा आहे, अर्धपुतळा, रंगवलेला, डोक्याला पागोटं. जवळच्या पुलाला तिथले लोक "भारतीयाचा पूल" म्हणतात. माझ्या भाचीने तिथून फोटो पाठवला आणि खाली लिहिलं "आपल्या शिवाजी महाराजांचा मुलगा इटलीत!!" मी म्हटलं अगं तारखा बघ, मधे एकशे सत्तर वर्षं गेलीत.

बायकांमध्ये रमाबाई. पंडिता रमाबाई आणि रमाबाई रानडे, दोघी एकाच काळातल्या, दोघी १८८० च्या दशकात पुण्यात, एकमेकींना ओळखणाऱ्या, त्यामुळे वर्षावरून सुटका नाही. इथे फोटो नीट बघावा लागतो. पंडिता रमाबाईंचे केस आखूड कापलेले आणि पांढरं साधं लुगडं, कपाळ मोकळं. रमाबाई रानडे यांच्या फोटोत जुन्या वळणाचं नऊवारी नेसणं. दोघींवर टपाल तिकिटं निघाली आहेत, रानड्यांवर १९६२ साली आणि पंडितांवर १९८९ साली, मी ती दोन्ही तिकिटं शेजारी शेजारी चिकटवून टेबलावर ठेवली होती, कोणी विचारायला आलं की बोट दाखवायचे. तिसऱ्या रमाबाई आंबेडकर, त्यांचा फोटो सहसा चुकत नाही कारण बाबासाहेबांसोबतचे फोटो घरोघरी आहेत.

आणि तुमच्या प्रदर्शनासाठी एक गाठ देते. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन केडगावला. आता कर्जतकर, तुम्ही नगर जिल्ह्याचे, तुम्हाला केडगाव म्हटलं की नगरच्या वेशीवरचं रेणुकामातेचं केडगाव आठवणार. ते नव्हे! हे दौंड तालुक्यातलं. माणूसही दुहेरी आणि गावही दुहेरी.

गाणाऱ्यांत माणिक वर्मा. आपल्या माणिक वर्मा, पूर्वाश्रमीच्या दादरकर, १९२६ ते १९९६. आणि मध्य प्रदेशातले हास्यकवी माणिक वर्मा, ते पुरुष. एकदा एका कार्यक्रमाच्या पत्रिकेवर "भावगीतांची संध्याकाळ" च्या खाली चांगल्या जाड चष्म्याच्या गृहस्थांचा फोटो छापून आला होता. पत्रिका आमच्याकडे अजून आहे.

टोरांटोकर_पण_मूळ_चिंचवड

काकू 🙏 तिकिटांची आयडिया एक नंबर.

मराठी नाही पण एक द्यायचा मोह होतोय. इथे ऑंटारिओत दिल्ली नावाचं गाव आहे, तंबाखूच्या शेतीसाठी ओळखलं जायचं. स्पेलिंग आपलंच पण लोक म्हणतात "डेलहाय". मी हौसेने पाटीखाली उभा राहून फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला, खाली काही लिहिलं नाही. दहा मिनिटांत आईचा फोन, "दिल्लीला उतरलास आणि सांगितलं नाहीस, पुण्याचं विमान कितीचं?" मी इकडे शून्याच्या खाली तापमानात जॅकेटमध्ये उभा, मागे बर्फ. बर्फ दिसत होतं हो फोटोत. पाटीवरचं नाव वाचलं की माणूस बाकी काही बघत नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात पण एक दिल्ली आहे आणि एक बॉम्बे पण. फिलिपिन्समध्ये गोवा नावाचं गाव आहे. एक परदेशी फ्रेम करा, वाचनालयात गर्दी होईल.

फोटो_प्यून

जरा तांत्रिक बोलतो कारण सगळे गोष्टी सांगतायत आणि दादांचं फोल्डर तसंच पडलंय.

व्हॉट्सॅपवर साधा फोटो पाठवला की त्याच्यातली लोकेशनची माहिती उडते. ज्याने काढला त्याला सांगा की डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग मूळ फाईल येते आणि काढताना फोनचं लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश मिळतात. ते नसेल तर फोटो उलटा सर्च करा, बहुतेक वेळा मूळ कोणी कुठे टाकला ते सापडतं. आणि आजपासून फाईलचं नाव "खेड फायनल" ठेवणं बंद. गाव-तालुका-जिल्हा-तारीख-कोणी काढला, एवढं नावातच. सातबाराच्या साईटवर बघा, आधी जिल्हा मग तालुका निवडल्याशिवाय गाव दाखवतच नाही. सरकारला जे कळलं ते आपल्याला का कळू नये.

दुसरं, नेटवरून उचललेले फोटो भिंतीवर लावणार असाल तर ज्याने काढलाय त्याला विचारा आणि खाली त्याचं नाव लिहा. फ्लेक्सवाल्याने जे केलं तेच आपण मोठ्या अक्षरात करायचं असं नको. कडू वाटेल पण माझा स्वतःचा एक फोटो तीन गावांच्या नावाने फिरतोय, त्यातल्या एकाही गावी मी गेलेलो नाही.

मांडवीची_माधवी

माझी जोडी नाही, अख्खी पंगतच आहे. मांडवी! रत्नागिरीची मांडवी जेट्टी, मुंबईत मस्जिद बंदरची मांडवी, कच्छचं मांडवी बंदर, आणि गोव्याची नदी मांडवी. मांडवी म्हणजे जुन्या भाषेत जकातीचा नाका, माल उतरला की कर भरायचा ती जागा. म्हणून ही नावं बहुतेक पाण्याच्या काठाला. कोकण रेल्वेची मांडवी एक्स्प्रेस मात्र गोव्याच्या नदीवरून, आमच्या रत्नागिरीतल्या निम्म्या लोकांना अजून वाटतं ती आमच्यावरून आहे, आणि मी त्यांना सांगत नाही.

गोधडीवाला_कर्जतकर

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना एकदम उत्तर देतो.

काल रात्री बसून गण्याच्या पद्धतीने नंबर प्लेटा बघितल्या. खेडचे अकरा फोटो होते, त्यातले सात एमएच-०८ म्हणजे रत्नागिरीचे, तीन एमएच-१४ म्हणजे पुण्याकडचे. एका फोटोत गाडीच नाही, नुसता पूल आणि मातकट पाणी, पण जगबुडीकाठच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे डाव्या कडेला कुंपण दिसतंय, लाल चिऱ्याचं. म्हणजे रत्नागिरी. अंगावर काटा आला राव.

मालेगावच्या फोल्डरमध्ये खरंच घोडा निघाला. लोहेकर, तुमचा आहे, कुठल्या वर्षीच्या यात्रेतला ते सांगता आलं तर बघा, मागे पाळणा आहे.

फोटो प्यून तुमचं पटलं. धबधब्याचा फोटो कोणाचा ते शोधलं, कल्याणच्या एका मुलाचा आहे, त्याला मेसेज केला, सगळी हकीकत सांगितली. तो एवढा हसला की परवानगी तर दिलीच वर मोठ्या साईजची फाईल पाठवली, डॉक्युमेंट म्हणून. त्याला बदल्यात काळविटांचा फोटो पाहिजे, त्याच्या घरी लावायला, खाली "कर्जत" लिहून.

काकू, शाहू महाराजांची जोडी करतोय, एक चित्र आणि एक फोटो, मधे १८३९ एवढा आकडा मोठ्या अक्षरात. केडगावला मी स्वतः जाऊन येतो, दोन्ही.

आजीला प्रदर्शनाचं सांगितलं. तिचं म्हणणं धबधबा वाचनालयात लावू नका, चौकात होता तोच बरा होता, येता जाता गार वाटायचं.

साधा_वाशीकर

उशीर झाला वाचायला. वाशीचा फोटो चालेल का? धाराशिव जिल्ह्यातली वाशी, तालुक्याचं गाव. खाडी नाही, पूल नाही, मॉल नाही. एसटी स्टँड आहे, पण लाईट गेली की पाटी दिसत नाही म्हणून फोटो दिवसा काढून पाठवतो.

गोधडीवाला_कर्जतकर

पाठवा पाठवा. पाटी आली पाहिजे आणि शेजारी एखादी गाडी उभी करा, नंबर दिसेल अशी.